त्या चौघांत तुम्ही कसे?

“तुम्ही नऊ माणसं होतात. त्यातली चार काढली. मग त्या चौघांत तुम्ही कसे?”

साहेबानं विचारलं आणि पेनाला टोपण लावलं. हे टोपण लावणं मी आता ओळखायला लागलो होतो. टोपण लागलं की समजायचं, याचं ठरलंय. आता तुम्हाला दाराबाहेर घालवायला काहीतरी बोलायचं तेवढं राहिलंय.

“चिठ्ठी निघाली, साहेब.”

“कसली चिठ्ठी?”

“नावाची. चिठ्ठ्या टाकल्या आम्ही. त्यात माझं नाव निघालं.”

साहेब खुर्चीत मागं रेलला. मग शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला म्हणाला, “ऐकलंत का? कामगारांची लॉटरी!” दोघं हसले. हसू आवरल्यावर साहेबानं डोळे एकदम बारीक केले. “म्हणजे कुणाला काढायचं ते तुम्ही कामगारांनीच ठरवलं?”

“व्हय.”

“युनियन होती?”

“युनियन कुठली साहेब! भिशी होती.”

परत हसले. म्हणाले, “बरं, कळवतो.”

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण ‘कळवतो’ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला लागलं नाही.

आता ही भिशीची काय भानगड ते तुम्हाला सांगतो, नाहीतर तुम्हीपण त्या साहेबासारखे हसाल.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होतो. लोखंड वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, एवढं काम. आम्ही नऊ जण एका पाळीत. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, सगळं त्या भट्टीच्या धगीत. मंदी आली तसं काम आटलं, आणि एक दिवस आमचे सुपरवायझर पोतदारसाहेब हातात हेल्मेट धरून आमच्यात येऊन उभे राहिले. माणूस तसा देवमाणूस. कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. उभं राहून नुसते घाम पुसायला लागले.

“वरून सांगितलंय, चार नावं द्या. उद्या सकाळी पाहिजेत. मी कुणाचं नाव देऊ रे? तुम्हीच सांगा.”

कुणी कुणाकडं बघेना. एकाच्या पोरीचं लग्न ठरलेलं, एकाचा बाप अंथरुणाला खिळलेला. ज्याचं नाव साहेब घेतील तो म्हणणार, माझ्यावर खुन्नस काढली. जो राहील त्याला बाकीचे म्हणणार, हा साहेबाचा चमचा.

तेव्हा मी म्हटलं, “साहेब, तुम्ही कशाला पाप घेताय डोक्यावर? आपण भिशी कशी काढतो? तशी काढू.”

आमची भिशी कैक वर्षांची. डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, उचलायची बाहेरच्या माणसानं, ज्याचं निघालं त्याचं निघालं. त्यावरनं कधी कुणी कुणाला ‘का’ म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना पटलं. डब्यात हात घातला पोतदारसाहेबांनीच. पहिलं नाव निघालं दस्तगीर नदाफचं, आमच्यातला सगळ्यात तरणा गडी. पुढं माझं निघालं. चार झाल्यावर साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. “धोंडीराम, मला मोकळं केलंत तुम्ही. कुठूनही फोन येऊ दे, मी तुमच्याबद्दल सोनं सांगेन.”

मग जे राहिले त्यांनी जे गेले त्यांना चहा पाजला. कुणाचा कुणावर राग नाही. मी तर घरी छाती काढून आलो. म्हटलं, गरिबाच्या पोरांनी कसा न्याय केला बघ!

बायको म्हणाली, “न्याय केलासा, आता खावा त्यो.”

खाल्ला की! एकेका दारात जाऊन खाल्ला.

एक जण म्हणाला, “तुमचं वय?” सांगितलं, तर नुसतं “अरेरे” म्हणाला. मी मेलेल्याचं नाव सांगितल्यासारखं. दुसरा म्हणाला, “तुम्हाला तिथं पगार चांगला होता. आम्ही देतो तेवढ्यात तुमचं मन रमणार नाही.” म्हटलं, साहेब, मन रमवायला मी येत नाही, जत्रेला जातो की त्यासाठी. तिसरा म्हणाला, “जुनी कंपनी परत जोरात चालली की तुम्ही पळणार.” आणि एकानं तर कमालच केली.

“मधले इतके महिने काय केलंत?”

“काम शोधलं.”

“ते सोडून काय केलंत?”

आता काम नसलेल्या माणसानं काम शोधणं सोडून काय करायचं असतं? भजन?

पण हे सगळे प्रश्न पुढचे. पहिला प्रश्न तोच. चौघांत तुम्ही कसे? खरं सांगितलं की एक तर हसायचे, नाहीतर घाबरायचे. जी माणसं आपसात बसून असलं ठरवतात ती उद्या आपल्याकडं काय ठरवतील, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसायचं.

मग बायकोनं घरात माझी शिकवणी घेतली. स्वतः साहेब होऊन बसली. लसूण सोलत.

“हं. का काढलं तुमास्नी?”

“चिठ्ठी—”

“चिठ्ठीचं नाव काढलंसा तर जेवायला न्हाई घालणार. म्हणा, कंपनी बंद पडली.”

“बंद कुठं पडलीय? चालू हाय की.”

“त्या साहेबाला काय स्वप्न पडतंय व्हय? म्हणा!”

म्हटलं. दुसऱ्या दिवशी शिरोलीतच एका ठिकाणी गेलो आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, “कंपनी बंद पडली साहेब.” साहेब उठला, मागची खिडकी उघडली. समोर आमच्याच फाउंड्रीचं धुराडं. त्यातनं असा धूर निघालेला की काय सांगू!

“बंद पडलेल्या कंपनीचा धूर दांडगा आहे हो,” साहेब म्हणाला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “लांबच्या कंपनीत सांगायचं असतंय हो खोटं. एवढं कळंना?”

हसायचं काय ते हसा. पण मी घरात बसलो की घर बारीक होत चाललं होतं. कुठंही बसलो तरी कुणाच्या तरी वाटेत. बायको पिशव्या शिवायची, मशीनचा आवाज दिवसभर. तो थांबला की मला वाटायचं, आता ही काहीतरी बोलणार. बोलायची नाही. ते जास्त लागायचं.

आणि एक गोष्ट मला काही केल्या कळत नव्हती. दोन ठिकाणी साहेब माझ्यावर खूष झाले होते. चिठ्ठीचं ऐकूनसुद्धा. “या उद्यापासून,” म्हणाले. मी घरी येताना जिलेबी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेटवर गेलो तर वॉचमन म्हणतो, “साहेबांनी नको म्हणून सांगितलंय.” का? “मला काय म्हाईत?” दोन्ही ठिकाणी तसंच. दुसऱ्यांदा तर मी तो डबा रस्त्याकडेला बसून एकटाच खाल्ला. भरलेला डबा घरी कसा न्यायचा, सांगा?

अशात कागलकडच्या एका नव्या फाउंड्रीचं कळलं. भट्टीवर एक माणूस पाहिजे होता. एकच. मी गेलो, तर केबिनबाहेरच्या बाकावर दस्तगीर. इस्त्रीचा शर्ट, पायात लग्नातले बूट.

“तू हितं कसा रे?”

“तुमी हितं कसं अण्णा?”

दोघांनाही ठाऊक होतं कसं ते. दोघांनीही एकमेकाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी टेकलो.

“एकच जागा हाय म्हणं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मी जाऊ काय घरी? तुमी थोरलं हायसा.”

“गप बस. मोठा आलाय दान करणारा! तुझ्या बापाची जागा हाय व्हय सोडायला?”

तो हसला, पण खाली बघून. काम गेल्यावर भाडं परवडेना म्हणून तो बायको-पोरासकट सासऱ्याच्या घरात जाऊन राहिला होता. “सासरा काय बोलत न्हाई,” म्हणाला. “पण सकाळी माझ्याम्होरं चहाचा कप ठेवतोय न्हवं, त्यो आपटून ठेवतोय. रोज. त्यो आवाज झाला की माझी बायको आत जाऊन रडती.”

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. बराच वेळ लागला. बाहेर आला तो तोंड उजळून.

“चहा दिला अण्णा मला!” मग माझ्या कानाशी आला. “चिठ्ठीचं न्हाई सांगितलं. दुसरंच सांगितलं. तुमी आलासा की बोलतो.”

पण लगेच माझ्या नावाचा पुकारा झाला.

आत एक मॅडम. गुळवणी नाव. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, बोलायला मऊ, पण नजर अशी की आपला शर्ट मागनं फाटलाय का हेसुद्धा समोरनं कळावं. त्या कंपनीत माणसं घ्यायचं-काढायचं त्याच बघायच्या.

“बसा शिपुगडे. बाहेरचे नदाफ तुमच्याबरोबरच होते?”

“होय मॅडम.”

“ते म्हणाले, शेवटी कामाला लागले म्हणून सगळ्यात आधी गेले. नवा आधी बाहेर. बरोबर आहे, तशीच पद्धत असते.” मग माझ्याकडं नीट बघितलं. “तुम्ही तर जुने. मग त्या चौघांत तुम्ही कसे?”

आता बघा माझी गंमत. चिठ्ठी म्हणावं, तर दस्तगीर खोटारडा ठरतो आणि सासऱ्याच्या कपाशी परत जातो. नवा आधी बाहेर, हे खरं धरावं, तर माझ्यासारखं जुनं खोड बाहेर कसं पडलं? काहीतरी लफडं केलं असणार म्हणून. त्या पोरानं माझं काही वाईट चिंतलं नव्हतं. त्याच्या बोलण्यात मी अडकेन हे त्याला काय ठाऊक? पण गाठ अशी बसली की तो सुटला तर मी अडकतो आणि मी सुटलो तर तो.

“बोला ना.”

“मला नाही सांगता येत मॅडम.”

“म्हणजे? तुम्हाला का काढलं हे तुम्हाला माहीत नाही?”

“त्यानं सांगितलं ते धरा खरं. माझं सोडा.”

“असं कसं सोडू? भट्टीजवळ माणूस उभा करायचाय मला. दारू पितो, मारामारी करतो, काय करतो ते कळायला नको?” त्यांनी टेबलावरचा मोबाइल घेतला. “थांबा. तुमच्या सुपरवायझरनाच विचारते. पोतदार ना? तुमच्याच अर्जावर नंबर आहे त्यांचा.”

मला तर देव पावल्यासारखं झालं. म्हटलं, आता सोनं सांगणार माणूस! मॅडमनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडनं आमच्या फाउंड्रीचा आवाज आला, ती घरघर, ते पत्र्यावर काहीतरी आदळणं, आणि मग पोतदारसाहेब.

मॅडमनी नाव-गाव सांगून विचारलं, “तुमच्याकडचे नदाफ आणि शिपुगडे आलेत. चार माणसं कमी केलीत ती कशावरून ठरवलीत?”

“कामावरूनच हो मॅडम,” साहेब म्हणाले. एका दमात. पाठ असल्यासारखं. “प्रत्येकाचं काम बघितलं. परफॉर्मन्स. नीट अभ्यास करून नावं काढली आम्ही. जे जरा ढिले होते ते गेले.”

“शिपुगडेंबद्दल काय सांगाल?”

“माणूस वाईट नाही हो.” जरा थांबले. “पण हात मंद झालाय आता. तुम्ही समजून घ्या.”

मला आधी वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मग ती दोन गेटं आठवली. ते दोन वॉचमन. ती जिलेबी. असाच फोन गेला असणार, असंच पाठ म्हटलं असणार.

मी टेबलावर वाकलो. “साहेब, नमस्कार. धोंडीराम बोलतोय.”

“कोण?”

“धोंडीराम शिपुगडे. हात मंद झालेला.”

मी तोंड फोनच्या आणखी जवळ नेलं.

“साहेब, तो अभ्यास कवा केलासा? डब्यात हात घालायच्या आधी का नंतर?”

“धोंडीराम... अरे, तू ऐकून घे.” आवाज एकदम खाली आला. “मी वर काय सांगणार होतो? कामगारांनी डब्यातनं नावं काढली म्हणून? मलाच घरी पाठवलं असतं. मला विचारलं, कशावरून काढलीत, तेव्हा काहीतरी लिहायला लागलं. आता लिहिलंय ते बदलता येतं का? मलापण घर आहे रे—”

आणि फोन बंद. मॅडमनी परत लावला. लागला नाही.

मॅडम म्हणाल्या, “कसला डबा?”

मग मी सांगितलं सगळं. राग इतका होता की शब्द एकमेकावर पडत होते. भिशी, चिठ्ठ्या, धरलेला हात, डोळ्यांतलं पाणी. म्हटलं, “आम्ही त्याला पापातनं सोडवला मॅडम, आणि त्यानं ते पाप धुऊन आमच्याच अंगावर वाळत घातलं.”

“म्हणजे नदाफ खोटं बोलले.”

“बोलला! खरं बोलून काय होतंय ते मी दारोदार बघून आलोय. खरं बोलणाऱ्याला पाच मिनिटांत ‘कळवतो’. तो खोटं बोलला, तर तुम्ही त्याला चहा पाजला. त्याला खोटारडा म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी सांगा, खरं सांगितलं असतं तर चहा आला असता?”

मॅडम हातातलं पेन टेबलावर फिरवत बसल्या. मग जरा हसल्या. “माझ्याकडे जागा एकच आहे. माणसं दोन, दोघांनाही काम येतं. आता मीपण चिठ्ठीच टाकू का?”

मॅडमनी ते थट्टेनंच म्हटलं. पण माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

“टाकायची नाही!” मी उभाच राहिलो. “चिठ्ठीचं नाव काढू नका. कुणाला घ्यायचं हे ठरवायचं तुमचं काम हाय, पगार घेताय त्याचा. तुम्ही ठरवा. आणि का ठरवलं ते माझ्या तोंडावर सांगा. मी वॉचमनकडनं ऐकणार नाही आता.”

मला वाटलं, ही आता गेटवरच्या माणसाला बोलावणार. मॅडमनी तसं काही केलं नाही. बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. मग त्यासुद्धा उठल्या.

“ठीक आहे. मी नदाफना घेते. तुमच्या हातात खोट आहे असं मला वाटत नाही. पण ते तरुण आहेत, भट्टीपुढं तुमच्यापेक्षा जास्त वर्षं उभे राहतील. नवा कारखाना आहे, मला जास्त वर्षांचा माणूस पाहिजे. हे माझं कारण. आणि हे मी ठरवलंय, दुसऱ्या कुणी नाही.”

तुम्हाला सांगतो, मला त्या बाईचा असा राग आला! असा आला की कान तापले. वयाचं काढते? मी भट्टीपुढं उभा राहत होतो तेव्हा ही फ्रॉकात असेल! दार ढकलून बाहेर आलो.

दस्तगीर बाकावरनं उठला. “काय झालं अण्णा?”

“घेतलं तुला. जा आत, मॅडम बोलवत्यात.”

“आणि तुमचं?”

“माझं वय झालं म्हणं. जा!”

तो गेला नाही. तिथंच उभा राहून लग्नातल्या बुटांकडं बघायला लागला. मग मी त्याला दंडाला धरून आत ढकलला आणि बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलो. पुढं मलाही काम लागलं, लांब हातकणंगल्याकडं. तिथल्या मालकानं पोतदारसाहेबांना फोन केला होता का, साहेब त्याला काय म्हणाले, मी कधी विचारलं नाही. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं परत निघालो. खिडकीशी मी, कडेला तो. कागल सोडल्या सोडल्या मी जे त्या मॅडमला शिव्या द्यायला लागलो ते कोल्हापूर येईस्तोवर थांबलो नाही. काय समजती ती स्वतःला? वय म्हणजे काय उसाचं चिपाड हाय व्हय, चोथा झाला की फेकायला? पुढच्या बाकावरची म्हातारी वळून वळून बघायला लागली. घसा सुकला, तरी मी थांबेना. इतके महिने झाले, मला असा कुणाचा राग आलाच नव्हता. चिठ्ठीचा काय राग करणार, सांगा? डब्याला काय शिव्या घालणार? आता मला एक नाव मिळालं होतं, एक तोंड मिळालं होतं. मी पोटभर रागावत होतो.

दस्तगीर आपली नवी मॅडम कशी वाईट आहे ते ऐकत होता आणि प्रत्येक शिवीला मान हलवत होता.

“बरोबर हाय अण्णा,” म्हणायचा. “लई वंगाळ बाई.”